संभाजीनगर ते उदगीर: गावातली कला आणि घडामोडी ऐकायच्या तर कोणता रेडिओ लावाल?

सकाळचा चहा होईपर्यंत मराठवाड्यात काय घडलं ते कळावं, दुपारी एखादं बरं गाणं कानावर पडावं आणि संध्याकाळी गावात नाटक, मैफल किंवा व्याख्यान असेल तर त्याचा वेळेत पत्ता लागावा. एवढीच अपेक्षा असलेल्या श्रोत्यापुढे आज चार पर्याय आहेत: आकाशवाणी, खासगी एफएम, सामुदायिक रेडिओ आणि मोबाइलवरचे पॉडकास्ट. यातल्या एकाच ठिकाणी सगळं मिळतं असं सांगणारे भेटतील, पण तसं मिळत नाही. जे मिळत नाही त्यातलं काही कायद्यामुळे अडलेलं आहे, काही पैशामुळे, आणि काही निव्वळ अनास्थेमुळे. कायद्यामुळे अडलेल्या गोष्टीसाठी आरजेवर चिडून उपयोग नाही. अनास्थेमुळे अडलेल्या गोष्टीसाठी मात्र चिडायला हरकत नाही.

माझा कौल आधीच सांगतो. मुख्य रेडिओ म्हणून आकाशवाणीच ठेवा, पण संध्याकाळचा बेत तिच्यावर सोडू नका. का, ते पुढे येईलच.

आधी पत्ता बघा, मग आवड

मराठवाड्यात कोणता रेडिओ ऐकायचा हे आवडीआधी पत्त्यावर ठरतं. छत्रपती संभाजीनगरात राहत असाल तर सगळं ताट समोर आहे: आकाशवाणीचं एफएम (१०१.७), खासगी वाहिन्या आणि एमजीएम परिसरातून चालणारा सामुदायिक रेडिओ (९०.८). नांदेडात आकाशवाणी १०१.१ वर लागते आणि खासगी एफएमही आहे. बीडला आकाशवाणी १०२.९ वर मिळते. परभणीचं केंद्र १९६८ पासूनचं, मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झला. त्याचा २० किलोवॅटचा प्रक्षेपक हा अनेक वर्षं मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतला खरा आवाज होता.

त्याआधीचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. निजामाच्या राज्यात हैदराबादेबरोबर औरंगाबादेतही डेक्कन रेडिओचं केंद्र होतं. १९५० मध्ये ते आकाशवाणीकडे आलं आणि थोड्याच वर्षांत बंद झालं. म्हणजे मुक्तिसंग्राम जिंकलेल्या या प्रदेशाला स्वतःच्या केंद्रासाठी परभणीची वाट पाहावी लागली. मराठवाड्याच्या अनुशेषाची यादी करताना सिंचन आणि रस्ते सगळे मोजतात, रेडिओ कुणी मोजत नाही.

लातूर, धाराशिव आणि उदगीरकरांचं गणित वेगळं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. खासगी एफएम न पोहोचलेल्या शहरांची ती यादी, आणि त्यात ही तिन्ही नावं आहेत. मंजुरी झाली म्हणून उद्या वाहिनी सुरू होते असं नाही. लिलावात कुणी बोली लावली पाहिजे, आणि लहान शहरातल्या जाहिरातींवर स्टुडिओ चालेल असा हिशोब बसला पाहिजे. तोवर इथल्या श्रोत्याची निवड आकाशवाणी आणि मोबाइल या दोघांतच आहे.

लहरींचाही थोडा विचार करा. एफएमचा आवाज स्वच्छ येतो, पण तो साधारण नजरेच्या टप्प्यातच चालतो. बालाघाटाच्या डोंगररांगेआड गाव असेल तर खरखर सुरू होते. मध्यम लहर जमीन धरून लांबवर जाते, पण घरातला एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर आणि इन्व्हर्टर तिला गुरगुरायला लावतात. दोन्हींना कंटाळला असाल तर आकाशवाणीचं ‘न्यूज ऑन एआयआर’ हे मोफत अॅप घ्या. त्यावर देशभरातली केंद्रं लागतात. पुण्याला शिकायला गेलेली मुलगी परभणी केंद्र ऐकू शकते आणि परभणीत बसलेले आजोबा मुंबईची अस्मिता वाहिनी लावू शकतात. नेटवर्क असेल तर, हे वेगळं सांगायला नको.

बातम्या: इथे सामना एकतर्फी आहे

चालू घडामोडींची तुलना लांबवण्यात अर्थ नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. केंद्र सरकारच्या खासगी एफएमसाठीच्या २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने एवढीच मोकळीक दिली की आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा, फेरफार न करता लावता येतील. सामुदायिक रेडिओलाही स्वतःच्या बातम्या करण्याची परवानगी नाही. वर्तमानपत्र काढायला, दूरचित्रवाणीवर चोवीस तास वाद घालायला, यूट्यूबवर वाटेल ते सांगायला मोकळीक. पण एफएमवर महापालिकेच्या सभेचा वृत्तांत सांगायचा नाही. हा नियम मला कधीच पटलेला नाही. तरी तो आहे, आणि त्यामुळे रेडिओवर बातम्या म्हणजे आकाशवाणी.

सुदैवाने मराठवाड्यापुरती ही बाजू भक्कम आहे. आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्त विभाग संभाजीनगरातच आहे. सकाळी ७.१० चं मराठी बातमीपत्र हे त्याचं मुख्य काम, आणि पुढे दिवसभरात आणखी बातमीपत्रं येतात. उर्दू बातमीपत्रही इथूनच निघतं. वली आणि सिराज या उर्दू शायरांच्या शहरात ते असणं साहजिकच, पण मराठी वाचकांपैकी बऱ्याच जणांना ते माहीत नसतं. सकाळी वेळ चुकली तरी बिघडत नाही. बातमीपत्राचा मजकूर इंटरनेटवर टाकला जातो, तो वाचता येतो.

जून २०२३ मध्ये एक गंमत झाली. पुण्याचा वृत्त विभाग बंद करून तिथलं बातमीपत्र संभाजीनगरातून द्यायचा निर्णय निघाला. पुण्यात ओरड झाली आणि निर्णय थांबवण्यात आला. पुणेकरांचं दुःख खरंच होतं. पण प्रत्येक गोष्टीसाठी पुण्याकडे पाहायची सवय लागलेल्या मराठवाड्यात अनेकांनी ती बातमी दोनदा ऐकली असेल.

आता या बातमीपत्रात मिळतं काय? जायकवाडीचा पाणीसाठा, पावसाचा अंदाज, पीक विम्याच्या मुदती, विद्यापीठांचे निर्णय, आठही जिल्ह्यांतल्या बैठका, आंदोलनं, अपघात. वृत्तपत्राच्या जिल्हा आवृत्तीत बीडच्या माणसाला नांदेडचं काही कळत नाही. हे दहा मिनिटांचं बातमीपत्र मात्र सगळ्या मराठवाड्याला एका दमात ऐकवतं, आणि तेही आरडाओरडा न करता. उणी बाजूही तितकीच उघड आहे. मंत्र्यांचे दौरे आणि योजनांचे आकडे भरपूर. योजना सविस्तर ऐकायला मिळते, त्या योजनेत अडकलेला माणूस एका ओळीत आटोपतो. बातमीमागचं कारण, कुणाचा हितसंबंध, कंत्राट कुणाला गेलं, हे ऐकायचं असेल तर रेडिओ बंद करून पेपर उघडावा लागेल.

खासगी एफएमला बातम्या नाहीत, पण उपयोगाची माहिती देता येते. वाहतूक, हवामान, वीज-पाण्याचे खंड, परीक्षा आणि निकाल, आरोग्याच्या सूचना या गोष्टी धोरणात बातम्यांमध्ये धरलेल्याच नाहीत. गणपती विसर्जनाच्या दिवशी कोणता रस्ता बंद आहे किंवा पाण्याचा टप्पा आणखी एक दिवस पुढे गेला का, हे संभाजीनगरकराला आरजेकडून लवकर कळतं. या बाबतीत आकाशवाणीचा वेग कासवाचा आहे.

गाणं

इथे मात्र माझं मत दुभंगलेलं नाही. सिनेमाची नवी गाणी गाडी चालवताना पाठीमागे वाजत राहावीत, एवढंच हवं असेल तर खासगी एफएम लावा आणि पुढचा परिच्छेद सोडून द्या. तिथली अडचण एकच. त्यांची गाण्यांची यादी छोटी असते. आठवडाभर ऐकलंत तर कोणत्या गाण्यानंतर कोणतं लागेल हेही सांगता येऊ लागतं. मराठी गाणी असतात, पण बेताने. आणि मराठवाड्यातल्या माणसाने गायलेलं काही तिथे लागावं ही अपेक्षा ठेवू नका.

आकाशवाणीवर गायला-वाजवायला कलाकाराला स्वरचाचणी द्यावी लागते आणि त्यातून श्रेणी मिळते: बी, बी हाय, ए, टॉप. या पद्धतीबद्दल कलाकारांच्या तक्रारी जुन्या आहेत, पण तिच्यामुळे एक गोष्ट झाली. नांदेड, परभणी, अंबाजोगाई, लातूर अशा गावांतल्या गायक-वादकांना पुण्याला स्थलांतर न करता श्रोते मिळाले, मानधन मिळालं, आणि पत्रिकेत नावाखाली लिहायला ‘आकाशवाणी मान्यताप्राप्त कलाकार’ ही ओळ मिळाली. लग्नातल्या सनईवाल्यापासून संगीत शिक्षकापर्यंत त्या ओळीचा भाव अजून टिकून आहे.

त्यामुळे आकाशवाणीवर तुम्हाला शास्त्रीय गायनाची बैठक, नाट्यपद, भावगीत, अभंग यांच्या जोडीने भारूड, गोंधळ आणि ओव्याही ऐकायला मिळतात. नाथांचं पैठण, जनाबाईंचं गंगाखेड, नामदेवांचं नरसी, गोरोबाकाकांचं तेर हे सगळं ज्या प्रदेशात आहे, तिथल्या रेडिओवर भारूड नसेल तर ते कुठे असावं? शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ पासून आणि आकाशवाणी संगीत संमेलन १९५४ पासून चालत आलेलं आहे. मोठे कलाकार घरबसल्या ऐकवण्याची ही सोय अजून दुसऱ्या कुणी केलेली नाही.

पण सावध राहा. स्थानिक केंद्राच्या नावाखाली दिवसभर स्थानिक असं काही लागत नाही. बराच वेळ मुंबईचं किंवा दिल्लीचं सहक्षेपण असतं, म्हणजे तिथलाच कार्यक्रम इथे लागतो, मध्येच विविध भारती लागते. नेमणुका कमी, नैमित्तिक उद्घोषकांवर गाडा चाललेला, ध्वनिमुद्रणं पुन्हा पुन्हा वापरलेली. चांगला कार्यक्रम कधी आहे हे कळायला कुठे नीट वेळापत्रक मिळत नाही, ते केंद्र आठवडाभर ऐकूनच हाती लागतं. सुंदर भारूड दुपारच्या आडवेळी लावून टाकायचं आणि संध्याकाळी सगळे घरी असताना योजनांची माहिती द्यायची, ही वाटणी कोण करतं देव जाणे.

आज संध्याकाळी गावात काय आहे?

निवड इथे खरी अवघड होते, कारण या प्रश्नाचं पूर्ण उत्तर कुणाकडेच नाही.

मराठवाड्याचं सांस्कृतिक वर्ष काही रिकामं नाही. सप्टेंबरच्या ७ तारखेला कवी-कादंबरीकार बी. रघुनाथांचा स्मृतिदिन, १७ तारखेला मुक्तिसंग्राम दिन, नोव्हेंबरात अंबाजोगाईचा यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह, मग हौशी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी, माळेगावच्या खंडोबाची यात्रा आणि तिथला लावणी महोत्सव, संभाजीनगरातला अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव, जमलं त्या वर्षी सोनेरी महालाच्या परिसरातला वेरूळ-अजिंठा महोत्सव, फाल्गुनात पैठणची नाथषष्ठी. शिवाय विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, मराठवाडा साहित्य परिषदेचे कार्यक्रम, मुशायरे. यातलं रेडिओवर किती ऐकू येतं?

आकाशवाणी या गोष्टींची दखल घेते, पण बहुतेक वेळा घडून गेल्यावर. उद्घाटन झालं, अमुक म्हणाले, समारोप झाला. उदगीरला एप्रिल २०२२ मध्ये ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, भारत सासणे अध्यक्ष होते. असल्या मोठ्या प्रसंगी आकाशवाणीचा उपयोग वादातीत असतो. भाषण मुळातून ऐकायला मिळतं, कुणी त्यातलं एक वाक्य उचलून वाद पेटवण्याच्या आधी. मुलाखतींमध्येही ती वरचढ आहे. लेखकाला किंवा कीर्तनकाराला सलग पंधरा-वीस मिनिटं बोलू द्यायची सवय दुसऱ्या कुठल्या वाहिनीला उरलेली नाही. पण शनिवारी संध्याकाळी तापडिया नाट्यमंदिरात कोणतं नाटक आहे आणि तिकिटं शिल्लक आहेत का, हे आकाशवाणी सांगणार नाही.

ते खासगी एफएम सांगतं. जिथे तिकीट विकायचं आहे आणि जाहिरात दिलेली आहे, तिथे. मुंबईहून आलेलं व्यावसायिक नाटक, गायकाचा मोठा शो, स्टँडअप, दांडिया, खाद्यमहोत्सव यांची खबर त्यांच्याकडे पक्की असते, पासही वाटले जातात, आरजेमुळे थोडी हवाही तयार होते. ज्या कार्यक्रमाला प्रवेश मोफत आणि जाहिरातीला पैसे नाहीत, तो मात्र त्यांच्यासाठी घडतच नाही. हौशी नाट्य स्पर्धेत रोज एक नवं नाटक होतं, नांदेड-परभणीची पोरं महिनाभर तालीम करून उभी राहतात, आणि खासगी एफएमवर त्याबद्दल अवाक्षर निघत नाही. सांस्कृतिक कार्यक्रम आणि उत्सवांचं वार्तांकनही २०११ च्या धोरणाने बातम्यांच्या बंदीतून बाहेर ठेवलेलं आहे. म्हणजे इथे कायदा आडवा आलेला नाही. मघाशी अनास्था म्हटलं ती हीच.

सामुदायिक रेडिओ या दोघांच्या मधली जागा भरू शकतो. त्याची ताकद लहान, साधारण १०० वॅटपर्यंत, त्यामुळे पल्ला दहा-बारा किलोमीटरचा. नियम असा की निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत. रेडिओ एमजीएमसारख्या शैक्षणिक परिसरातल्या केंद्राचा फायदा म्हणजे व्याख्यानाला आलेला पाहुणा, महोत्सवाला आलेला दिग्दर्शक, नाटक करणारे विद्यार्थी हे सगळे त्याच आवारात असतात. नवखे निवेदक अडखळतात, ध्वनिमुद्रण कधी विहिरीतून आल्यासारखं वाटतं, परीक्षा आल्या की उत्साह ओसरतो. तरीही शेजारच्या कॉलनीतल्या बाईचा आवाज रेडिओवर ऐकायचा असेल तर तो इथेच भेटेल. फक्त त्या टापूत तुमचं घर पाहिजे.

आणि समीक्षा? नाटक चांगलं होतं की रटाळ, गायकाचा मध्य लयीतला ख्याल जमला की नाही, चित्र प्रदर्शन जाऊन बघण्यासारखं आहे का, हे स्पष्ट सांगणारा आवाज यांच्यापैकी कुणाकडेच नाही. आकाशवाणी कुणाला दुखवत नाही, खासगी एफएम जाहिरातदाराला दुखवत नाही, सामुदायिक रेडिओ आपल्याच माणसांना दुखवत नाही.

पॉडकास्ट

थोडक्यात सांगतो. हव्या त्या वेळी ऐकता येतं, बातम्यांची बंदी नाही, मराठीत दीर्घ गप्पा आणि मुलाखती चांगल्या होऊ लागल्या आहेत. मात्र बहुतेक मराठी पॉडकास्ट पुण्या-मुंबईत बसून केलेले असतात. त्यात मराठवाडा येतो तो दुष्काळ, आरक्षण किंवा निवडणूक म्हणून. परभणीच्या सभागृहात काय चाललंय हे त्यांना ठाऊक नसतं आणि ठाऊक करून घ्यायची गरजही वाटत नाही. ज्ञानासाठी, करमणुकीसाठी जरूर ऐका. गावासाठी नको.

मग लावायचं काय?

घरात वडीलधारी माणसं असतील, शेतीशी संबंध असेल, किंवा तुम्ही स्पर्धा परीक्षा देत असाल तर सकाळची बातमीपत्रं आणि संध्याकाळचा शेतीविषयक कार्यक्रम एवढ्यासाठी आकाशवाणी पुरेशी आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे शास्त्रज्ञ ज्या भाषेत तिथे बोलतात ती शेतकऱ्याला कळते, आणि ही मोठी गोष्ट आहे. गाण्याचा कान असेल तरीही आकाशवाणीच, पण अॅपवर. म्हणजे आपल्या केंद्रावर सहक्षेपण लागलं की दुसऱ्या केंद्राकडे वळता येतं.

संभाजीनगरात किंवा नांदेडात नोकरी करत असाल, विशीत-तिशीत असाल आणि शनिवार-रविवार बाहेर पडायचं असेल, तर सकाळी आकाशवाणी आणि ऑफिसला जाता-येता खासगी एफएम, ही वाटणी सोयीची. बिनतिकिटाच्या कार्यक्रमांसाठी मात्र सभागृहाबाहेरचा फलक आणि व्हॉट्सअॅप गट यांना अजून पर्याय नाही. लातूर-धाराशिव-उदगीरकरांनी लिलावाची वाट बघत बसू नये. अॅपवर संभाजीनगर आणि परभणी ही दोन केंद्रं ‘आवडती’ म्हणून खूण करून ठेवावीत, तेवढं आज पुरतं.

फोन घेताना एक बघा. बऱ्याच नव्या फोनमधून साधा एफएम गायब झालाय. केंद्राने २०२३ मध्ये कंपन्यांना तो चालू ठेवायला सांगितलं होतं, तरी दुकानात विचारून घेतलेलं बरं. अतिवृष्टीत टॉवर बंद पडतो तेव्हा अॅप कामाचं राहत नाही, इअरफोन लावून चालणारा एफएम राहतो. सेलवर चालणारा छोटा ट्रान्झिस्टर घरात असला तर उत्तमच.

शेवटचं, आयोजकांसाठी. तुमची संस्था व्याख्यानमाला किंवा नाट्यमहोत्सव भरवत असेल आणि रेडिओने दखल घ्यावी असं वाटत असेल, तर आकाशवाणी केंद्राला आठ-पंधरा दिवस आधी लेखी पत्र द्या आणि ध्वनिमुद्रणाचं निमंत्रण वेगळं द्या. सामुदायिक रेडिओकडे पत्र न पाठवता कलाकारांनाच घेऊन जा. खासगी एफएमकडे बजेट असेल तरच जा, नसेल तर तिथला एखादा नाटकवेडा आरजे शोधा, असतो कुणीतरी. पत्रकाच्या पहिल्या तीन ओळींत कार्यक्रम, तारीख, वेळ, सभागृह आणि प्रवेश मोफत की तिकीट, एवढं येऊ द्या. अध्यक्ष, उद्घाटक, स्वागताध्यक्ष आणि निमंत्रकांची नावं खाली गेली तरी चालतात, निवेदक तसाही तिथपर्यंत वाचत नाही.